दोन आगाऊ काने

१

‘न्यायाधीशांचा निवाडा सरकारच्या हाती!’ एवढ्या ठळक अक्षरांत मथळा होता की चष्म्याशिवायही मला तो वाचता आला. खाली चौकटीत अख्खं पान छापलं होतं. सर्वोच्च न्यायालयातल्या मधल्या खुर्चीवरच्या न्यायाधीश बाईंच्या निकालाचा कच्चा मसुदा जसाच्या तसा आमच्या हाती लागला आहे, असं वर्तमानपत्राचं म्हणणं. खटल्याची सुनावणी अजून संपायची होती आणि त्याचा निकाल लोक चहाबरोबर वाचत होते.

टेबलापलीकडे माझी नणंद बसली होती. मी वर्तमानपत्र तिच्याकडे सरकवलं. तिने दोन ओळी वाचल्या आणि कप खाली ठेवला.

“वहिनी, हे माझ्या कपाटातलं आहे,” ती म्हणाली. “त्याची किल्ली एकच. माझ्याकडे.”

आमच्या वन्सं म्हणजे मधल्या बाईंच्या लघुलेखिका. बाई बोलणार, या लघुलिपीत उतरवून घेणार आणि मग टंकित करणार, असं बावीस वर्षं चाललेलं. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर, छापखान्यात मुद्रितशोधक. मूळ प्रत आणि छापील प्रत शेजारी ठेवायच्या आणि चुका पकडायच्या, हा माझा धंदा. त्यामुळे सगळं न्यायालय मला कानामात्रा म्हणतं, तोंडावरसुद्धा. मला राग येत नाही. म्हणजे येतो, पण मी दाखवत नाही.

नणंद-भावजयीचं आमचं जसं असायला हवं तसंच आहे. वन्संना घरातल्या चिठ्ठ्यासुद्धा लघुलिपीत लिहायची खोड. त्यांच्यामुळे मीही दोन महिने लघुलिपी शिकले होते आणि कान पकडून सोडली होती. एकदा त्यांनी लिहिलं, ‘दोरी आणा.’ मी वाचलं ‘दार आणा’, आणि सुताराला घरी बोलावून बसले. त्या गोष्टीवरून मला अजून चिडवतात.

आज मात्र त्या जागच्या हलेनात. मी त्यांची पिशवी उचलली, त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, “चला. पाप तुम्ही केलेलं नाही, मग पाय कशाला ओढताय?”

२

आमच्या सर्वोच्च न्यायालयात सात खुर्च्या. तीन न्यायाधीशांना आम्ही खासगीत ‘लगामवाले’ म्हणतो. कुठलंही सरकार असो, त्याच्या तोंडात लगाम हवाच, असं त्यांचं मत. तीन ‘मुभावाले’. लोकांनी निवडून दिलंय ना, मग करू द्या त्यांना काम, असं त्यांचं मत. सहाही जण विद्वान आणि सहाही जण हट्टी. मधल्या चौथ्या खुर्चीवर बाई. त्या कधी इकडे असतात, कधी तिकडे आणि बहुतेक वेळा दोघांनाही न सुचलेल्या तिसऱ्याच जागी. म्हणून दोन्हीकडचे त्यांना वचकून असतात.

खटला होता नव्या कायद्याचा. त्यात दोन कलमं होती. पहिलं, नवे न्यायाधीश सरकार निवडणार. दुसरं, चालू खटल्यावरून न्यायाधीशाला उठवायचा अधिकारही सरकारला. कायदा रद्द करायला चार मतं लागतात. बाई बाजूला झाल्या की उरले तीन विरुद्ध तीन, आणि कायदा दोन्ही कलमांसकट कायम. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

दहा वाजता बाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. आम्ही म्हणजे वन्सं, बाईंचा सहायक वकील, शिपाईमामा आणि निबंधक साहेब. मला कुणीच बोलावलं नव्हतं. मी वन्संची पिशवी धरून आत गेले.

“दोन वाजता खंडपीठ बसेल,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, कुठे चढ नाही की उतार नाही. “तोवर हे फोडलं कुणी ते कळलं तर मी बसेन. नाही तर उठेन. माझ्याच खोलीत चोर असताना मी देशाला निकाल देणार नाही.”

“बाई, तुम्ही उठावं हेच तर त्याला हवंय!” सहायक वकील ओरडला.

“माहीत आहे मला. म्हणून चार तास दिलेत.”

निबंधक साहेब घसा खाकरून पुढे झाले. हे न्यायालयाच्या कचेरीचे मुख्य. इस्त्री मोडेल म्हणून कधी टेकून न बसणारे. “चार तास लागणारच नाहीत, बाई. कपाट एक, किल्ली एक, किल्लीवालीही एक. निलंबनाचा आदेश मी तयारच ठेवलाय. दोन वाजता सही करतो.”

वन्संचा हात माझ्या हातात होता. तो सोडवून घेऊन त्यांनी गळ्यातली किल्ली चाचपली.

३

निबंधक साहेबांनी तिथेच चौकशी सुरू केली. पाव तास वन्सं बोलत होत्या. सोमवारी मसुदा टंकित केला, एकच प्रत काढली, कपाटात ठेवली, किल्ली गळ्यातल्या साखळीला अडकवली. साहेबांची नजर त्यांच्या तोंडावरून हलली नाही. हातात पेन्सिल, समोर वापरलेलं पाकीट. त्यांनी पाकिटाची मागची बाजूसुद्धा पुरी भरली नाही. शेवटी मात्र वन्सं जे बोलल्या ते सगळं शब्दाला शब्द वाचून दाखवलं, ‘काय सांगू आता’ यासकट. मी मनात म्हटलं, दांडगी स्मरणशक्ती आहे बुवा.

मग सहायक वकिलाची पाळी. मसुदा वाचणारा तिसरा माणूस तोच. त्यातून त्या वर्तमानपत्राचा संपादक त्याचा सख्खा मामा, आणि हा स्वतः कट्टर लगामवाला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

“मी बडबड्या आहे, कबूल,” तो लालबुंद होऊन म्हणाला. “जिभेला हाड नाही माझ्या. पण बाईंनी मला नोकरीला ठेवलं तेच मुळी मी त्यांच्याशी भांडतो म्हणून. त्यांच्या पाठीत सुरी खुपसायला नाही. मामाला फोन केला सकाळी. म्हणाला, निनावी पाकिटातून आलं, टंकित केलेलं.”

“मामा भाच्याला वाचवणारच,” साहेब म्हणाले.

साहेब निघून गेल्यावर मी बाईंसमोर उभी राहिले. “बाई, मूळ प्रत मला मिळेल का? वर्तमानपत्राशी ताडून बघायचीय.”

“कशासाठी?”

“मला दुसरं काही येत नाही म्हणून.”

बाई पहिल्यांदा हसल्या. वन्संनी कपाट उघडून कागद आणला. मी डाव्या हाताचं बोट मूळ प्रतीवर ठेवलं, उजव्या हाताचं छापील पानावर, आणि रोजच्यासारखी ओळ ओळ सरकायला लागले. पहिली ओळ बरोबर. दहावी बरोबर. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

सतराव्या ओळीवर माझी दोन्ही बोटं थांबली. मूळ प्रतीत होतं, ‘न्यायाधीशांची निवड सरकारच्या हाती राहावी.’ छापलं होतं, ‘न्यायाधीशांचा निवाडा सरकारच्या हाती राहावा.’

“वन्सं,” मी म्हटलं, “हा कागद तुमच्या कपाटातून बाहेर गेलेलाच नाही.”

४

सहायक वकिलाने मान उडवली. “छपाईतली चूक असेल. ‘निवड’ला दोन काने जादा लागले, झालं.”

“अहो वकील, छपाईतल्या चुकांवर माझं पोट आहे. छपाईत एक अक्षर हुकतं. इथे ‘ची’चं ‘चा’ झालंय, ‘राहावी’चं ‘राहावा’ झालंय. चूक पुढचंमागचं व्याकरण सांभाळून होत नसते. टंकित कागद समोर ठेवून ज्याने नक्कल केली असती, त्याने निवड म्हणजे निवडच लिहिलं असतं. या माणसासमोर असा कागद होता की ज्यात न-व-ड एवढंच होतं. पुढचं त्याने मनाने भरलं.”

“असला कागद कुठे असतो?” बाईंनी विचारलं.

मी वन्संकडे बघितलं. त्यांचे डोळे मोठे झाले होते.

“दोरी,” त्या पुटपुटल्या. “दार!”

लघुलिपीत वेगाने लिहिताना व्यंजनांच्या रेघा मारतात आणि स्वरांची टिंबं गाळतात. ज्याने ऐकून लिहिलं त्याला अडत नाही, कारण बोललेलं त्याच्या कानात असतं. वन्संनी स्वतःच्या रेघा वाचताना निवडचा निवाडा जन्मात केला नसता. म्हणजे चोराने फोडली ती वन्संची लघुलिपीची वही, टंकित प्रत नव्हे. चोराला लघुलिपी येते आणि तो वन्सं नाही. माझ्या नणंदेचं निर्दोषपण त्या सतराव्या ओळीत ठळक छापून आलं होतं आणि सकाळपासून सगळा देश ते वाचत होता! मला तिथल्या तिथे टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

“वह्या कुठे जातात?” मी शिपाईमामांना विचारलं.

“भरली की पुडकं बांधून, लाख लावून मीच नेतो अभिलेख खोलीत. ही मंगळवारी सकाळी नेली.”

“तिथली किल्ली?”

“निबंधक साहेबांकडे. पण त्यांना कशाला त्या रेघोट्या? कोण वाचणार?”

पाव तासाची जबानी अर्ध्या पाकिटावर मावलेली मला आठवली. ती कसली आली स्मरणशक्ती!

“पण बाईंचा हा शेवटचा निकाल नाहीच,” वन्सं अचानक म्हणाल्या. मग त्यांनी परवानगीसाठी बाईंकडे बघितलं.

बाईंनीच सांगितलं. “सोमवारी मी एका बाजूचा निकाल सांगते, जितका भक्कम करता येईल तितका. मंगळवारी त्याच्या बरोब्बर उलटा, तितकाच भक्कम. मग दोन्ही आठवडाभर पडून राहतात, आणि त्यानंतर मी खरा लिहायला घेते. दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडल्याशिवाय मला माझं मत कळत नाही. हा छापलाय तो सोमवारचा.”

“आणि मंगळवारचा?”

वन्संनी मी सकाळपासून वागवत असलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, “मग हीच वही दाखवा ना लोकांना!”

“आज दाखवली तर म्हणतील, आज लिहिली,” बाई म्हणाल्या. “आणि चोर खुर्चीत तसाच राहील. तुमचा संशय मला पटतो, पण संशयावर मी कुणाला शिक्षा देत नाही. पुरावा आणा.”

घड्याळात साडेअकरा झाले होते.

५

मी वन्संना एक ओळ लिहायला सांगितली. त्यांनी लिहिली आणि वाचून त्यांना हसू आवरेना. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं हसू.

चिठ्ठी घेऊन मी निबंधक साहेबांकडे गेले. चेहरा जमेल तेवढा रडवेला केला. “साहेब, वन्संच्या खणात हे सापडलं. घरचं माणूस असलं तरी लपवणं बरं नाही. मला काही हे वाचता येत नाही.”

त्यांनी चिठ्ठीवरून नजर फिरवली. क्षणभरच, पण डावीकडून उजवीकडे, ओळीच्या शेवटापर्यंत. “या रेघोट्या मला काय कळणार? ठेवून जा. जाणकाराला दाखवू.”

मी जिना उतरून थेट टपालखोलीत गेले. तिथे एकच्या गाडीसाठी थैल्या भरून ठेवलेल्या असतात. मांडणीमागे बाई उभ्या होत्या. त्यांनी साक्षीला दोन न्यायाधीश आणले होते, एक लगामवाला आणि एक मुभावाला, म्हणजे उद्या कुणी पक्षपाताचं नाव काढायला नको. सहा वर्षांत एका टेबलावर चहा न घेतलेले ते दोघे थैल्यांच्या फटीत पोटाला पोट लावून उभे होते.

“पाय,” मुभावाले कुजबुजले.

“तो तुमचाच आहे,” लगामवाले म्हणाले.

एकला दहा कमी असताना दार उघडलं. निबंधक साहेब. टपालखोलीतल्या कारकूनबाईंना म्हणाले, “आजची थैली बांधू नका. मधल्या बाईंच्या खोलीतून काही आलंय का? जाड पाकीट, वहीच्या आकाराचं. मी स्वतः बघतो.”

“कशी वही, साहेब?” कारकूनबाईंनी शिकवल्याप्रमाणे विचारलं.

“कशी म्हणजे? दुसरी!” ते थैलीत कोपरापर्यंत हात घालत म्हणाले.

बाई मांडणीमागून बाहेर आल्या. “दुसरी वही आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

साहेबांचा हात थैलीतच राहिला.

“आणि ती टपालात आहे हे?” मी विचारलं. “ते तर कुणीच सांगितलं नाही. चिठ्ठीतसुद्धा नाही.”

“चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय!” ते तडकले. “दुसरी वही टपालात...”

पुढचा शब्द त्यांनी गिळला, पण फार उशीर झाला होता. दोन्ही न्यायाधीश एकाच वेळी फटीतून सुटले आणि एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणाले.

वन्सं दारात उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, “मी लिहिलंय, दुसरी वही टोपलीत टाकली आहे. ट-प-ल-त. रद्दीच्या टोपलीपाशी शिपाईमामा बसलेत. तुम्ही तिकडे गेला असतात तरी सापडला असतात. पण वहिनी म्हणाल्या, हा माणूस टपालातच जाणार.”

“का?” लगामवाल्यांनी मला विचारलं. त्यांना खरंच कुतूहल होतं.

“कारण तो आधी ठरवतो आणि मग वाचतो, साहेब. वही वाचवायची तर कुणी टोपलीत कशाला टाकेल, असं त्याच्या मनाने घेतलं. तसंच बाईंना बदनाम करायचं ठरवलं होतं, म्हणून निवडमध्येही त्याला निवाडाच दिसला.”

निबंधक साहेबांनी हात बाहेर काढून बाही नीट केली. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. तरुणपणी ते दुसऱ्या एका खात्यात लघुलेखक होते. ते हलकं काम वाटे, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं ते अभिलेख खोलीत बसून बाईंच्या वह्या वाचत होते. सोमवार-मंगळवारची पद्धत त्यांना पाठ होती. नव्या कायद्याने न्यायाधीश निवडायची जी समिती होणार होती, तिचं सचिवपद त्यांना कबूल झालं होतं.

“बाई, मी सहाजणांची मतं आज लिहून देतो, बरोबर निघतील,” ते म्हणाले. “तुमचं मात्र दोन वर्षं वह्या वाचूनही एकदा सांगता आलं नाही. असल्या माणसाच्या हाती देश कसा द्यायचा?”

“युक्तिवाद ऐकायच्या आधी ज्याचं मत सांगता येतं,” बाई म्हणाल्या, “त्याच्यासमोर लोकांनी उभं तरी कशाला राहायचं?”

बाकीचे दोन न्यायाधीश खाली बघत होते. त्यातही ते एकत्र होते, हे मी टिपून ठेवलं.

६

दोन वाजता पुकारा झाला. दालनात उभं राहायला जागा नव्हती. सहा न्यायाधीश येऊन बसले, चौथी खुर्ची रिकामी. मग बाजूचं दार उघडून बाई आल्या, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, “काल आपण कुठे थांबलो होतो?” मागे बसलेला सहायक वकील सगळे नियम धाब्यावर बसवून ओरडला, “शाब्बास!” त्याला बाहेर काढलं. बाहेर जाऊन तो आणखी मोठ्याने ओरडला.

वन्सं खाली आपल्या जागेवर होत्या, पेन्सिल टोकदार. निलंबनाचा आदेश त्यांनी मागून घेतला होता आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली होती.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. पाच विरुद्ध दोन. पाचांत बाई, दोन लगामवाले आणि दोन मुभावाले. विरोधात दोन्हीकडचा एकेक, आणि दोघांचीही कारणं बरोब्बर उलटी. न्यायाधीश निवडायचं पहिलं कलम टिकलं, खटल्यावरून उठवायचं दुसरं गेलं. लगामवाले म्हणाले आम्ही जिंकलो, मुभावाले म्हणाले आम्ही. टपालखोलीतले ते दोघे आता रोज साडेदहाला एका टेबलावर चहा घेतात आणि भांडतात.

निकालपत्र माझ्याकडे तपासायला आलं, सोबत वन्संची वही. मी मूळ ओळीवर डावं बोट ठेवलं, छापील ओळीवर उजवं. शेवटच्या पानावर बाईंचं वाक्य होतं: ‘न्यायाधीशांची निवड सरकारच्या हाती राहावी, न्यायाधीशांचा निवाडा मात्र कुणाच्याही हाती राहू नये.’

वहीत बघितलं. बावीस वर्षांत जे केलं नाही ते वन्संनी तेवढ्या एका ओळीत केलं होतं. एकूण एक स्वर भरला होता, प्रत्येक टिंब जागच्या जागी. खाली बारीक अक्षरांत माझ्यासाठी लिहिलं होतं, साध्या देवनागरीत: ‘वहिनी, येताना दोरी आणा.’

मी दोरी घेऊन गेले.